केळ्यातले पांढरे धागे आणि दारूचा फलक

विज्ञान प्रदर्शनांना परीक्षक म्हणून जाणाऱ्यांना एक प्रयोग हमखास भेटतो. पिकलेले केळे कुस्करायचे, त्यात मिठाचे पाणी आणि भांडी घासायच्या द्रवरूप साबणाचे काही थेंब घालायचे, मलमलच्या फडक्यातून गाळायचे आणि गाळलेल्या रसावर परीक्षानळीच्या कडेने हळूच स्पिरिट सोडायचे. थोड्याच वेळात दोन थरांच्या सीमेवर पांढरे, बुळबुळीत धागे वर येऊ लागतात. काचेच्या कांडीवर ते गुंडाळता येतात. शेजारी पाटी असते : 'हा पाहा डीएनए !' खर्च फारसा नाही, उपकरण नाही, आणि जळगाव जिल्ह्यात तरी केळ्याला तोटा नाही. प्रयोग लोकप्रिय झाला यात नवल ते काय !

या प्रयोगाविषयी आमची तक्रार आहे, आणि तिची सुरुवात आमच्यापासूनच करायला हवी. काही वर्षांपूर्वी धुळे जिल्ह्यातील एका तालुका प्रदर्शनात आम्ही परीक्षक होतो. एका शाळेने हाच प्रयोग मांडला होता, पण पाटी वेगळी होती. एका नळीत नुसता केळ्याचा रस, दुसऱ्या नळीत स्पिरिट घातलेला. पहिलीखाली लिहिले होते 'निर्व्यसनी माणसाचा डीएनए', दुसरीखाली 'दारू पिणाऱ्याचा डीएनए'. वरच्या फलकावर माहिती होती, की अल्कोहोलमुळे डीएनएचा आकार बदलतो, त्याचा पीळ उलगडतो आणि तो गोळा होऊन निकामी होतो. मुलांनी पाठ केलेले भाषण उत्तम म्हटले. हेतू चांगला, मांडणी नीटनेटकी. आम्ही दुसरे बक्षीस दिले.

बक्षीस जाहीर झाल्यावर शेजारच्या मांडणीतील नववीची एक मुलगी जवळ आली. "सर, तो डीएनएच होता, केळ्याचा गर नव्हता, हे कशावरून ?" आम्ही म्हणालो, "पुस्तकात दिलेले आहे." ती गप्प झाली आणि निघून गेली. जाता जाता मैत्रिणीला अहिराणीत काहीतरी म्हणाली, त्यातले 'हाई डीएनए शे का ?' एवढेच ऐकू आले. प्रश्न बरोबर होता, उत्तर लाजिरवाणे होते. आणि 'डीएनए अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, म्हणून तो दिसू लागतो' हे वाक्य तर आम्हीच शिक्षकांच्या एका शिबिरासाठी लिहिलेल्या पत्रकात होते.

आधी त्या मुलीचा प्रश्न घेऊ. परीक्षानळीत वर आलेला पांढरा पदार्थ डीएनए आहे का ? आहे, पण थोडा. त्यात मोठा वाटा पेक्टिनचा असतो. पेक्टिन हा वनस्पतींच्या पेशीभित्तिकांमधला, लांब साखळीचा, शर्करांपासून बनलेला पदार्थ. जॅम आणि जेली त्याच्यामुळे घट्ट होतात. फळ पिकताना तो काही प्रमाणात पाण्यात उतरतो, आणि पाण्यात उतरलेले पेक्टिन अल्कोहोल घातल्याबरोबर साकळते. घरी जेली करणाऱ्यांची जुनी परीक्षा हीच आहे : चमचाभर रसात थोडे स्पिरिट घालायचे आणि घट्ट गोळा बनतो का ते पाहायचे. बनला तर रसात पेक्टिन भरपूर. ही परीक्षा पेरूच्या उकळलेल्या पाण्यावर करून पाहावी. गोळा इतका झकास येतो, की त्याच्याखाली 'पेरूचा डीएनए' अशी पाटी लावली तर एकही परीक्षक हरकत घेणार नाही. आम्ही तर नक्कीच घेतली नसती.

पेक्टिनबरोबर त्या धाग्यांत आरएनए असतो, काही प्रथिनेही असतात. केळीपासून शुद्ध डीएनए काढणाऱ्या संशोधकांना या चिकट शर्करायुक्त पदार्थांचा नेहमीच त्रास होतो. त्यासाठी ते वेगळी रसायने वापरतात, साबणाच्या थेंबावर भागवत नाहीत.

मग केळ्यात डीएनए असतो तरी किती ? आपल्याकडे रावेर-यावल पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर लावली जाणारी ग्रँड नैन ही केळी त्रिगुणित आहे. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे ११ च्या तिप्पट ३३ गुणसूत्रे असतात. म्हणून तर तिला बी धरत नाही आणि लागवड कंदांनी किंवा ऊतिसंवर्धित रोपांनी करावी लागते. केळीच्या रानटी पूर्वजाचा जनुकसंच २०१२ मध्ये वाचला गेला. एका संचात बेसच्या सुमारे ५२ कोटी जोड्या निघाल्या. तीन संचांच्या सुमारे १५६ कोटी झाल्या. दोन जोड्यांमधले अंतर ०.३४ नॅनोमीटर धरले, तर एका पेशीतला डीएनए टोकाला टोक लावून अर्धा मीटरभर होतो. हा हिशेब वर्गात करून घेण्याजोगा आहे. तुलनेसाठी कांदा घ्या. कांद्याच्या एका संचात सुमारे १,६०० कोटी जोड्या आहेत आणि संच दोन. म्हणजे एका पेशीत जवळजवळ अकरा मीटर! डीएनए दाखवायचाच असेल, तर केळ्यापेक्षा कांदा बरा. पेक्टिन त्यातही असतेच, पण डीएनएचा वाटा वाढतो. बोकडाची कलेजी घेतली तर पेशीभित्तिका नाहीत आणि पेक्टिनही नाही. पण मग तिच्यात ग्लायकोजेन असते आणि तेही अल्कोहोलमध्ये साकळते. (शाळेत कलेजी आणल्यावर जे होईल ते वेगळेच.) डीएनएच्या संशोधनात वासराच्या थायमस ग्रंथीला मान मिळाला तो यामुळे. तिच्या पेशींत केंद्रकाने बहुतेक जागा व्यापलेली असते.

आता आमच्या पत्रकातले वाक्य. 'डीएनए अल्कोहोलमध्ये विरघळत नाही.' वाक्य खोटे नाही, पण त्याने काही समजतही नाही. का विरघळत नाही, हे विचारले तर बहुतेक ठिकाणी 'कारण तो अल्कोहोलमध्ये अविद्राव्य आहे' असे उत्तर मिळते. म्हणजे तेच वाक्य पुन्हा.

डीएनएच्या दोन्ही पेडांवर फॉस्फेट गट असतात आणि प्रत्येकावर एक ऋण प्रभार. अक्षाच्या दिशेने मोजले तर दर १.७ अँगस्ट्रॉमला एक प्रभार येतो. एवढ्या दाटीत हे प्रभार एकमेकांना सारखे दूर ढकलत असतात, आणि शेजारच्या डीएनएलाही ढकलतात. पाण्यात तो विरघळून राहतो त्याचे एक मोठे कारण हे. दुसरे कारण स्वतः पाणी. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक २५ अंश सेल्सिअसला सुमारे ७८.५ आहे. याचा अर्थ असा, की दोन प्रभारांमधले आकर्षण किंवा अपकर्षण पाण्यात निर्वात जागेच्या ७८.५ पट क्षीण होते. मिठातले सोडियम आयन पाण्यात मोकळे फिरू शकतात ते यामुळेच. शुद्ध इथाइल अल्कोहोलचा हाच स्थिरांक २४ च्या आसपास आहे. पाण्यात अल्कोहोल मिसळत गेले, की प्रभारांना एकमेकांची ओढ जास्त जाणवू लागते आणि सोडियमचे धन आयन फॉस्फेटांना चिकटून बसू लागतात.

किती चिकटतात, याचा हिशेब जेराल्ड मॅनिंग यांनी १९६९ मध्ये मांडला आणि तो अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला जमण्यासारखा आहे. दोन एकेरी प्रभारांमधली ओढ रेणूंच्या उष्णतेच्या धडपडीइतकी भरते ते अंतर पाण्यात ७.१ अँगस्ट्रॉम असते. डीएनएवरचे प्रभार १.७ अँगस्ट्रॉमवर आहेत, म्हणजे फारच जवळ. मॅनिंग यांच्या मते भोवतालचे आयन इतके गोळा होतात, की उरलेला प्रभार १.७ भागिले ७.१ एवढाच, म्हणजे सुमारे २४ टक्के राहतो. उरलेला ७६ टक्के प्रभार पाण्यातही झाकलेलाच असतो. आता आकारमानाने ७० टक्के अल्कोहोल असलेले मिश्रण घ्या. त्याचा स्थिरांक सुमारे ४३ आहे. ते अंतर वाढून ७.१ गुणिले ७८.५ भागिले ४३, म्हणजे जवळजवळ १३ अँगस्ट्रॉम होते, आणि उघडा प्रभार १३ टक्क्यांवर येतो. विल्सन आणि ब्लूमफील्ड यांनी १९७९ मध्ये वेगळ्याच, जास्त प्रभारांच्या आयनांवर प्रयोग करून दाखवले होते, की डीएनएचा प्रभार ८९ ते ९० टक्के झाकला गेला की तो स्वतःभोवती कोसळून गोळा होतो. आपले ८७ टक्के त्याच्या अगदी जवळ आहेत. प्रयोगशाळेत डीएनए साकळण्यासाठी द्रावणाच्या दुप्पट ते अडीचपट अल्कोहोल घालतात, ते मिश्रण ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत न्यायलाच.

एवढे कळले, की पत्रकांतल्या काही सूचना तपासता येतात. 'मीठ घाला', ही सूचना बरोबर. आयनच नसतील तर चिकटणार काय ? पण काही ठिकाणी 'मिठाशिवायही करून फरक पाहा' असे लिहिलेले असते, ते केळ्यावर फसते. केळ्याच्या १०० ग्रॅम गरात ३५० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. आपण मीठ घातले नाही तरी केळ्याने ते घातलेलेच आहे.

'स्पिरिट बर्फासारखे थंड हवे', ही सूचना तर जवळजवळ मंत्रासारखी म्हटली जाते. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि शाळेत फ्रीज नसतो, म्हणून हा प्रयोग टाळणारे शिक्षक आम्हांला भेटले आहेत. थंडीने डीएनए साकळतो असे नाही. उलट थंड पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक थोडा वाढतोच. शून्य अंशाला तो ८८ च्या आसपास असतो. थंडाव्याचा खरा उपयोग म्हणजे फळातली डीएनए तोडणारी विकरे मंदावतात. खोलीच्या तापमानालाही साका येतो. सकाळच्या शाळेत करावा, रस गाळल्यावर ताटकळत ठेवू नये, एवढे पुरे.

२०२० नंतर शाळाशाळांत हात धुण्याच्या सॅनिटायझरचे डबे पडून आहेत आणि स्पिरिटऐवजी ते वापरण्याचा मोह होतो. ७० टक्क्यांचे सॅनिटायझर रसात समप्रमाणात मिसळले तर मिश्रण ३५ टक्के होते, म्हणजे हिशेबाच्या निम्म्यावर. शिवाय जेलसारख्या सॅनिटायझरमध्ये घट्टपणा आणणारा पदार्थ आधीच असतो. मिठाच्या पाण्याशी गाठ पडली, की त्याच्याच गुठळ्या आणि तारा दिसू लागतात. तो डीएनए नक्कीच नव्हे.

आता फलकावरच्या मुख्य वाक्याकडे येऊ. अल्कोहोलमुळे डीएनएचा आकार बदलतो. हे वाक्य खरे आहे. गंमत अशी, की ज्या अर्थाने खरे आहे ते नळीत दिसत नाही, आणि नळीत जे दिसते त्याला हे वाक्य लागू पडत नाही.

'आकार' हा शब्द इथे घोटाळा करतो. खानदेशातल्या माणसाला कापूस आणि सूत सांगावे लागत नाही, म्हणून सुताचेच उदाहरण घेऊ. सुताचा पीळ घट्ट किंवा सैल करता येतो. आणि तेच सूत ताणून ठेवता येते किंवा गुंडाळून त्याचा गोळा करता येतो. या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला आपण 'ठेवण' म्हणू, दुसरीला 'पसारा'. नळीत साका येतो तेव्हा बदलतो तो पसारा. लॅम्डा नावाच्या विषाणूचा डीएनए ४८,५०२ जोड्यांचा, म्हणजे साडेसोळा मायक्रॉन लांब आहे. पाण्यात तो मायक्रॉन-दीड मायक्रॉनच्या सैल गुंत्यासारखा तरंगतो. कोसळल्यावर त्याच्या एक-दशांश रुंदीच्या घट्ट गुंडाळीत मावतो. १९७० च्या दशकात अल्कोहोलमधल्या डीएनएच्या अशा गुंडाळ्या आणि कांड्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या गेल्या. यात पीळ उलगडत नाही आणि दोन पेड सुटे होत नाहीत. साका पुन्हा पाण्यात टाकला, की तो विरघळतो आणि पूर्वीसारखा होतो. जगभरच्या प्रयोगशाळांत डीएनए अल्कोहोलमध्ये साकळून, सुकवून, पुन्हा पाण्यात घेऊन वापरतात. निकामी होत असता, तर असे कोणी कशाला केले असते ?

ठेवणीची कथा वेगळी आणि जास्त सुरेख आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझलिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉसलिंग यांनी थायमसपासून काढलेल्या डीएनएचे बारीक तंतू ओढून त्यांची क्ष-किरण चित्रे घेतली. हा डीएनए बर्नच्या रुडॉल्फ सिग्नर यांनी दिलेला होता. फ्रँकलिन यांनी तंतूभोवतीच्या हवेतले बाष्प काटेकोरपणे कमी-जास्त केले. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास असताना एक चित्र मिळाले, ९२ टक्क्यांपलीकडे दुसरे. ओला होताना तंतू चक्क लांबत असे. कोरड्या रूपाला 'ए' आणि ओल्या रूपाला 'बी' अशी नावे पडली. मे १९५२ मध्ये घेतलेले, पुढे ५१ क्रमांकाने गाजलेले छायाचित्र बी रूपाचे आहे, आणि १९५३ चा वॉटसन-क्रिक नमुनाही बी रूपाचाच. पाठ्यपुस्तकातली पिळाची शिडी म्हणजे ही ओली ठेवण.

ए रूपातही दोन पेड, उजवा पीळ आणि बेसच्या त्याच जोड्या. पण दोन जोड्यांमधले अक्षावरचे अंतर ३.४ वरून २.६ अँगस्ट्रॉमवर येते, एका वेढ्यात दहा-साडेदहाऐवजी अकरा जोड्या बसतात, जोड्या अक्षाशी तिरक्या होतात आणि जाडी २० वरून २३ अँगस्ट्रॉमपर्यंत वाढते. रेणू आखूड आणि जाड होतो. केळ्याच्या पेशीतला अर्ध्या मीटरचा डीएनए ए रूपात सुमारे ४० सेंटिमीटर भरेल.

अल्कोहोल हवेतल्या कोरडेपणाचे काम द्रावणात करते. ते पाण्याला स्वतःकडे ओढते. ही ओढ खरीच आहे हे वर्गात दाखवता येते : ५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल मिसळले, तर १०० नव्हे, ९६-९७ मिलिलिटरच भरतात. डीएनएच्या वाट्याला मोकळे पाणी कमी येते. मॉस्कोच्या इव्हानोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये हे फार नेटकेपणाने दाखवले. त्यांनी युक्ती केली ती मिठाची. मीठ इतके कमी ठेवले, की अल्कोहोल ७०-८० टक्क्यांपर्यंत नेले तरी साका येऊ नये. मग द्रावणातून वर्तुळाकार ध्रुवित अतिनील प्रकाश पाठवला. डाव्या आणि उजव्या फिरकीचा प्रकाश रेणू किती वेगवेगळा शोषतो, यावरून पिळाची ठेवण ओळखता येते. ए आणि बी यांची सही निराळी असते. ६० टक्क्यांपर्यंत सही हळूहळू थोडी बदलत गेली. पुढे ७०-८० टक्क्यांच्या दरम्यान, अगदी अरुंद पट्ट्यात, ती एकदम ए ची झाली. एका जोडीने ठेवण बदलली, की शेजारणींना बदलणे सोपे जाते; त्यामुळे बदल असा रांगेने होतो. पाणी परत घातले, की पुन्हा बी.

पाणी कमी पडले की ए च का ? झेंगर, हंटर आणि केनर्ड यांनी १९८६ मध्ये दिलेले उत्तर आम्हांला फार आवडते. बी रूपात एका पेडावरचे शेजारी-शेजारी फॉस्फेट सुमारे ७ अँगस्ट्रॉमवर असतात. पाण्याच्या एका रेणूला दोघांना एकाच वेळी हात देता येत नाही; प्रत्येकाला आपापले पाणी लागते. ए रूपात डीऑक्सिरायबोजच्या कड्याचा वेगळा कोपरा वर उचलला जातो आणि फॉस्फेट ६ अँगस्ट्रॉमच्या आत येतात. आता पाण्याचा एकच रेणू दोघांमध्ये पूल बांधतो. पांझरेच्या काठची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच पटेल. बंधाऱ्याचे पाणी कमी असले, की प्रत्येकाने आपापले वेगळे भरणे करायचे नाही; काही फड पडीक ठेवायचे, उरलेल्यांत सलग एकच पीक घ्यायचे आणि पाटकऱ्याने एका शेतातून दुसऱ्यात पाणी न्यायचे. पाणी तेवढेच, पण ते वाटून घेण्यासाठी शेतांची मांडणी बदलावी लागते. उपमा ओढूनताणून पुढे नेऊ नये, डीएनएत पाटकरी नसतो. पण पाण्याची काटकसर हे या बदलाचे कारण आहे, एवढे तिच्यातून पोहोचते.

म्हणजे नळीतला साका ए रूपात असतो की बी रूपात ? डोळ्यांनी सांगता येत नाही. मीठ आणि अल्कोहोल यांच्या प्रमाणावर ते अवलंबून आहे. साकळायला ६५-७० टक्के पुरतात आणि ठेवण त्याच्या थोडी पुढे बदलते. तेव्हा गोळा झालेला डीएनए बी रूपातच राहिला असेल, असे पुष्कळदा घडेल. पसारा आणि ठेवण यांचा संबंधच नाही असे मात्र नाही. ए रूपात प्रभार आणखी दाट, दर १.३ अँगस्ट्रॉमला एक असे येतात. मॅनिंग यांचा हिशेब पुन्हा केला तर १.३ भागिले १३, म्हणजे उघडा प्रभार १० टक्क्यांवर येतो.

ए रूप ही प्रयोगशाळेतली करामत आहे असेही समजू नये. आरएनएचे दोन पेड जुळले की ते ए सारखेच बसतात. रायबोजवरच्या जादा हायड्रॉक्सिल गटामुळे त्यांना बी रूप घेताच येत नाही. काही जिवाणूंच्या बीजाणूंतील लहान प्रथिने चिकटली की डीएनए ए च्या वळणावर जातो, हे १९९१ मध्ये दिसले. उकळत्या, आम्लयुक्त झऱ्यांत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांवर जगणाऱ्या एका विषाणूत तर सगळाच डीएनए ए रूपात भरलेला असतो, असे २०१५ मध्ये आढळले. म्हणून ए म्हणजे बिघडलेला बी, हे शिकवणे चूकच.

राहिली दारू. फलकाचा सर्वांत मोठा दोष इथे आहे आणि तो आकड्यांचा आहे. ७० टक्के अल्कोहोल म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ५५ ग्रॅम. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम आहे. दोन्हींत अठराशे पटींचा फरक पडतो. जिवावर बेतावे इतकी, म्हणजे ४०० मिलिग्रॅमपर्यंत दारू रक्तात गेली, तरी ती नळीतल्याच्या शंभराव्या हिश्शाहून कमीच. कोणाही पिणाऱ्याच्या पेशीत डीएनए साकळत नाही आणि बी चा ए होत नाही.

दारूने डीएनएला इजा होते हे मात्र खरे, आणि ती रासायनिक आहे. शरीरात अल्कोहोलपासून अ‍ॅसिटाल्डिहाइड बनते. ते बेसना चिकटते, दोन पेडांना एकमेकांशी जखडते, आणि पेशीची दुरुस्ती कमी पडली की बदल कायम राहतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्यपेयांना १९८८ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. व्यसनमुक्तीचा फलक लावायचा तर हे लिहावे. खोट्या नळीची गरज नाही. चांगल्या कामासाठी चूक खपवून घेतली, की काय होते ? तो फलक करणारी मुले उद्या महाविद्यालयात जातील, डीएनए साकळून पुन्हा विरघळवतील, आणि शाळेत सांगितलेले बाकीचेही असेच होते की काय, असा संशय त्यांना येईल. बक्षीस देताना आम्ही हा विचार केला नाही.

जाता जाता एक बारीक गोष्ट. प्रदर्शनातल्या तक्त्यांवरचा डीएनएचा पीळ एकदा तपासून पाहावा. ए आणि बी दोन्ही उजवे, साध्या स्क्रूसारखे. तक्त्यांवर, बोधचिन्हांवर, कधी पुस्तकांच्या वेष्टनांवरही तो डावा काढलेला आढळतो. डावा पीळ असलेला झेड नावाचा डीएनए खरोखर आहे, १९७९ मध्ये त्याची स्फटिकरचना मिळाली. पण त्याची ठेवण नागमोडी असते. तक्ता काढणाऱ्याच्या मनात तो नसतो, हे नक्की.

१९७० च्या दशकात खिरोद्याला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने शिक्षकांबरोबर काम केले, तेव्हापासून स्वस्त साहित्यातले प्रयोग आपल्या भागाला नवे नाहीत. केळ्याचा प्रयोगही सोडायचे कारण नाही. त्याच्या बाजूला आणखी नळ्या मांडायच्या, एवढेच. एकीत कांद्याचा रस, त्याच कृतीने. एकीत पेरूच्या फोडी उकळून गाळलेले पाणी, त्यात साबण नाही. एकीत नुसते मीठ आणि साबण घातलेले पाणी. चारही नळ्यांत सारखेच स्पिरिट सोडायचे आणि काय दिसले ते मुलांना लिहू द्यायचे. मग पांढरा पदार्थ बाहेर काढून थोड्या पाण्यात पुन्हा विरघळतो का ते पाहायचे. जवळच्या वरिष्ठ महाविद्यालयात डायफेनिलअमाइनची परीक्षा करून घेता आली तर फारच चांगले. डीऑक्सिरायबोज असेल तर तिच्यात निळा रंग येतो, पेक्टिनला येत नाही. ती परीक्षा शिक्षकांनीच करावी, तिच्यात तीव्र गंधकाम्ल लागते. केळ्याच्या नळीखालच्या पाटीवर आम्ही आता लिहितो : 'केळ्याच्या रसातून अल्कोहोलने साकळलेले पदार्थ. यांत डीएनए आहे. आणखी काय आहे ?'

स्पिरिट दुकानातून आणताना ते शल्यक्रियेचे आहे की रंगकामाचे, हे बाटलीवर वाचून घ्यावे. रंगकामाच्या स्पिरिटमध्ये मिथाइल अल्कोहोल असू शकते आणि ते विषारी आहे. आयसोप्रोपाइल अल्कोहोलही चालते, ते रसाइतकेच घेतले तरी पुरते. नळी तोंडाजवळ नेऊ नये, आणि प्रयोग चालू असताना शेजारच्या टेबलावर कोणाचा बर्नर पेटलेला नाही ना, ते आधी पाहावे.